हिमालयातल्या दऱ्या आणि डोंगरगावं: इंदूरच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च उजाडला की इंदूरच्या मराठी घरांत एकच विषय निघतो: यंदा सुट्टीत कुठे? पचमढी झालेली असते, मांडू पावसाळ्यासाठी राखलेलं असतं, मग गाडी हिमालयावर येते. प्रश्न दरवर्षी तेच, विचारणारी घरं तेवढी बदलतात. उत्तरं आमच्या मतांसकट दिली आहेत. पटली नाहीत तर सोडून द्या, पण उंचीबद्दलचं तेवढं नीट वाचा.

आठ दिवसांत शिमला, मनाली, धर्मशाळा, डलहौसी असं सगळं बसवता येईल का?

बसवता येईल, बघता येणार नाही. शिमला ते मनाली सुमारे २५० किलोमीटर, मनाली ते धर्मशाळा साधारण २३०, तिथून डलहौसी आणखी १२०च्या आसपास. आपल्याला सवय इंदूर-भोपाळची, सकाळी पोहे खाऊन निघालं की जेवायला भोपाळात. डोंगरात ताशी पंचवीस-तीस किलोमीटर म्हणजे चांगला वेग. वाटेत दरड कोसळलेली असेल किंवा सफरचंदांचे ट्रक अडकले असतील तर तोही नाही. म्हणजे वरचा प्रत्येक टप्पा अख्खा नाहीतर अर्धा दिवस खातो. त्यात इंदूरहून जाण्या-येण्याचे दिवस धरा, मग उरलेल्या सुट्टीतला निम्मा वेळ ड्रायव्हरच्या पाठीकडे बघण्यात जातो.

आमचं म्हणणं सरळ आहे आणि पुढच्या बऱ्याच उत्तरांत ते डोकावेल: एका सुट्टीला एक दरी, आणि एका गावात निदान तीन रात्री. हा आळस नव्हे. डोंगरात बहुतेक दिवस सकाळ स्वच्छ असते आणि दुपारपासून ढग चढतात. मुक्काम एकाच रात्रीचा असेल आणि ती एक सकाळ ढगाळ निघाली, तर ज्या शिखरासाठी गेलात ते न बघताच बॅगा भरायच्या. तीन सकाळी हातात असल्या तर एखादी तरी साधते.

मग दरी कोणती निवडायची?

पहिल्यांदाच जात असाल आणि घरातली तीनही पिढ्या बरोबर असतील, तर कांगडा. पठाणकोटहून धर्मशाळा नव्वदेक किलोमीटरवर आहे, म्हणजे डोंगरातला प्रवास थोडका. धौलाधारची रांग इथे मधल्या टेकड्यांशिवाय थेट उभी राहते. पायथ्याला भाताची शेतं आणि मान वर केली की बर्फ. धर्मशाळेच्या वर मॅक्लिओडगंजला १९६०पासून दलाई लामांचं वास्तव्य आहे, त्यामुळे अर्ध्या बाजारावर तिबेटी छाप आहे. पालमपूरला चहाचे मळे आहेत. मसरूरला एकाच खडकातून कोरलेली, साधारण आठव्या शतकातली मंदिरं आहेत. वेरूळचं कैलास पाहिलेल्या माणसाने ती चुकवू नयेत. तरीही टूरवाल्यांच्या यादीत मसरूर क्वचितच असतं.

कुलूची दरी सगळ्यांना ठाऊक, पण सगळे थेट मनालीला जातात आणि मॉल रोडच्या गर्दीत अडकतात. त्याऐवजी नग्गरला राहा. कुलूच्या राजांची ही जुनी राजधानी. देवदार आणि दगड यांचे थर आलटून पालटून रचून बांधलेला किल्लेवजा वाडा इथे उभा आहे. या बांधणीला काठकुणी म्हणतात, आणि ती भूकंपात तग धरते. रशियन चित्रकार निकोलाय रोरिक यांचं घरही इथेच. १९४७मध्ये ते इथेच वारले. नग्गरहून मनाली तासाभरावर, तेव्हा हौस म्हणून एक दिवस तिकडेही जाऊन या.

त्याच जिल्ह्यात औटहून फुटणारी तीर्थन दरी आहे. ज्यांना ‘पॉइंट’ बघायचे नसतात, नुसतं नदीकाठी बसायचं असतं, त्यांच्यासाठी याहून चांगली जागा सांगता येणार नाही. वर ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान आहे, २०१४पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. बंजार, जिभी, गुशैनी अशी लहान गावं, लाकडी घरं, होमस्टे. जालोरीची खिंड तीन हजार मीटरच्या थोडी वर. तिथवर गाडी जाते, पुढे ओकच्या रानातून सरोळसर तळ्यापर्यंत पायवाट. मात्र संध्याकाळी फिरायला बाजार हवा असेल तर इथे येऊ नका. बाजार असा नाहीच, आणि घरातल्या दोघांचं तोंड दुसऱ्या दिवसापासून वाकडं होईल.

किन्नौर थोडं दमाचं काम आहे. शिमल्याहून सतलजच्या घळीतून रस्ता वर जातो. कल्पा आणि सांगला ही मुक्कामाची गावं, आणि शेवटचं छितकुल ३,४५० मीटरवर. कल्प्याच्या खिडकीतून समोर किन्नर कैलास दिसतो. ही घळ फार उभी आहे आणि डोंगर ठिसूळ आहेत. २०२१च्या पावसाळ्यात बटसेरी आणि निगुलसरी इथे दरडींनी प्रवाशांचे जीव घेतले होते. जुलै-ऑगस्ट सोडून जा. सप्टेंबरच्या शेवटी सफरचंदं झाडावर असतात, आणि आमच्या मते किन्नौरची खरी वेळ तीच.

कुमाऊँ, म्हणजे अल्मोडा, कौसानी, बिनसर, मुनस्यारी. शिखरांची रांग बघायची असेल तर हिमाचलपेक्षा कुमाऊँ उजवं. कौसानीहून त्रिशूल, नंदादेवी, पंचाचुली एका ओळीत दिसतात. गांधीजी १९२९मध्ये इथे राहिले होते आणि गीतेवरचं ‘अनासक्तियोग’ त्यांनी इथे पुरं केलं. पण एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही: मे महिन्यात कुमाऊँमधून शिखरं बहुधा दिसत नाहीत. हवेत धुरकं असतं, चीडच्या, म्हणजे पाइनच्या, जंगलांना वणवे लागतात, सगळं करडं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पाऊस धुवून गेल्यावर जा.

मसुरी आणि नैनिताल ही गावं वाईट नाहीत, पण मे-जूनच्या शनिवार-रविवारी अर्धी दिल्ली तिथे असते. पुढे.

इंदूरहून जायचं कसं?

आपलं नशीब इतकं बरं की महू-इंदूरहून सुटणारी माळवा एक्स्प्रेस गाडी न बदलता अंबाला, पठाणकोट, जम्मू करत कटऱ्यापर्यंत जाते. म्हणजे कांगडा, डलहौसी, चंबा हवं असेल तर पठाणकोटला उतरा. शिमला-कुलूसाठी अंबाल्याला उतरून पुढे कालका किंवा चंदीगड गाठा. तिकीट खुलतं त्या दिवशीच काढा. वैष्णोदेवीला जाणाऱ्यांची हीच गाडी आहे, आणि मे महिन्यात वेटिंगचं तिकीट हलत नाही.

उत्तराखंडसाठी इंदूरहून डेहराडून-ऋषिकेशच्या बाजूला गाड्या आहेत, पण रोज नाहीत. आधी वार बघा आणि मग रजा टाका. कुमाऊँसाठी दिल्लीला जाऊन काठगोदामची गाडी धरावी. दार्जिलिंग-सिक्कीमवाल्यांसाठी महूहून आठवड्यातून एकदा सुटणारी कामाख्या एक्स्प्रेस न्यू जलपायगुडीला जाते. प्रवास लांब आहे, पत्ते आणि चिवडा भरपूर घ्या.

विमानाचं म्हणाल तर इंदूर-दिल्ली सोपं. पण दिल्लीहून पुढे भुंतर (कुलू) किंवा गग्गल (कांगडा) यांची तिकिटं काढताना लक्षात ठेवा की ती दरीत वसलेली छोटी विमानतळं आहेत. ढग आले की विमान रद्द. परतीच्या दिवशी त्यांच्यावर भिस्त ठेवून पुढचं विमान लगेचचं काढू नका.

कालका-शिमला छोटी गाडी जरूर करा, जाताना किंवा येताना, एकदाच. १९०३मध्ये सुरू झालेली, ९६ किलोमीटरची, शंभराहून जास्त बोगद्यांची ही लाइन २००८पासून जागतिक वारशात आहे. पाच तासांच्या आसपास लागतात, लहान मुलं तीन तासांनंतर कंटाळतात. दोन्ही वेळा करायचा हट्ट धरू नका.

मुलांच्या शाळेमुळे आम्हाला मे महिनाच मिळतो. काय करावं?

मग मे महिन्यातच जा, पण गर्दीच्या गावाच्या पलीकडे पंधरा-वीस किलोमीटरवर राहा. मनालीऐवजी नग्गर, शिमल्याऐवजी मशोबरा, डलहौसीऐवजी चंब्याकडचा उतार. निघण्याचा दिवस शुक्रवार-शनिवार ठेवू नका, कारण त्याच दिवशी दिल्ली-पंजाबच्या गाड्या वर चढतात. आणि जमलंच तर एखाद्या वर्षी दिवाळीची सुट्टी वापरून बघा. आमच्या ओळखीतली जी घरं एकदा भाऊबीज आटोपून कुमाऊँला गेली, ती मे महिन्याचं नाव काढत नाहीत.

पावसाळ्यात जावं का? तेव्हा हॉटेलं स्वस्त असतात म्हणे.

स्वस्त असतात, आणि कारण उघड आहे. जून २०१३ची केदारनाथची आपत्ती, २०२३च्या जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचलात वाहून गेलेले रस्ते आणि पूल, ५ ऑगस्ट २०२५ला उत्तरकाशी जिल्ह्यात धरालीवर आलेला लोंढा, हे सगळं पावसाळ्यातलं. हिमालय वयाने तरुण पर्वत आहे, त्याचा दगड अजून घट्ट बसलेला नाही. त्यात रस्ते रुंद करायला डोंगराचा पायथा कापलेला असतो. पाऊस पडला की वरचं सगळं खाली येतं.

दोन अपवाद आहेत. लाहौल, स्पीती आणि लडाख हे पर्जन्यछायेत आहेत. तिथे आपला पावसाळा म्हणजे त्यांचा हंगाम. मनालीहून लाहौलला जायला अटल बोगदा आहे, ९.०२ किलोमीटरचा, ऑक्टोबर २०२०पासून सुरू. अलीकडे देवदार, धबधबे आणि पाऊस. पलीकडे सिस्सूला बाहेर पडलात की उघडे तपकिरी डोंगर. पंधरा मिनिटांत देश बदलल्यासारखं वाटतं. पण बोगद्यापर्यंत पोचायचा मनालीचा रस्ता पावसाच्याच पट्ट्यात येतो, हे विसरू नका.

दुसरा अपवाद म्हणजे उत्तराखंडमधली फुलांची दरी, व्हॅली ऑफ फ्लॉवर्स. ती १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडी असते, पण फुलांचा खरा भर मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट, म्हणजे ऐन पावसात. गोविंदघाटहून पुलनापर्यंत गाडी, तिथून घांघरियापर्यंत पायी किंवा खेचरावर, मुक्काम घांघरियात, आणि सकाळी दरीत जाऊन संध्याकाळच्या आत परत. आत राहू देत नाहीत. फ्रँक स्माइथ हा गिर्यारोहक १९३१मध्ये कामेट शिखरावरून उतरताना वाट वाकडी करून इथे पोचला, तेव्हापासून बाहेरच्या जगाला ही जागा माहीत झाली. जायचं असेल तर कार्यक्रमात दोन दिवस मोकळे ठेवा. रस्ता बंद झाला तर ‘सोमवारी ऑफिस आहे’ हे दरडीला सांगून उपयोग नसतो.

बर्फ नक्की कधी दिसेल? मुलांनी बर्फासाठी जीव टाकलाय.

पडणारा बर्फ हवा असेल तर डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी: मनालीजवळचं सोलंग, काश्मीरचं गुलमर्ग, शिमल्यापलीकडचं नारकंडा. पण बर्फ मागवून येत नाही. आठवडाभर कोरडं आभाळ राहू शकतं. खात्रीच हवी तर गुलमर्ग, जानेवारी-फेब्रुवारी.

साचलेला बर्फ मे-जूनमध्येही मनालीवरच्या रोहतांग खिंडीत (३,९७८ मीटर) सापडतो. त्यासाठी गाडीला आधी ऑनलाइन परमिट लागतं, रोज ठरावीक गाड्याच सोडतात, आणि मंगळवारी देखभालीसाठी पर्यटकांच्या गाड्या बंद असतात. दर वर्षी कुणीतरी नेमका मंगळवार धरतंच. भाड्याचे गमबूट आणि फरकोट वाटेतल्या दुकानांतून घ्यावे लागतात. भाव आधी ठरवा, पैसे परतताना द्या.

उंचीचा त्रास होतो का? आमच्याकडे सगळे तब्येतीने ठणठणीत आहेत.

ठणठणीतपणाचा इथे फारसा संबंध नाही. रोज सकाळी नेहरू पार्कला फेऱ्या मारणारा तरुण आडवा होतो आणि त्याची आई मजेत हिंडते, हे होऊ शकतं. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. शिमला, मसुरी, दार्जिलिंग, मनाली ही गावं दोन हजारांच्या आसपास; तिथे बहुतेकांना काही होत नाही, जिना चढताना धाप लागते इतकंच. प्रश्न सुरू होतो अडीच हजारांच्या वर मुक्काम केला की. लेहला, म्हणजे साडेतीन हजार मीटरवर, प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या मानाने साधारण दोन तृतीयांश प्राणवायू मिळतो. शरीर जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात. तासांत ते होत नाही.

म्हणून नियम झोपण्याच्या उंचीवर आहे. तीन हजारांच्या वर गेल्यावर एका रात्रीत झोपायची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस आहे तिथेच थांबावं. दिवसा वर जाऊन रात्री खाली येणं चालतं. विमानाने लेहला उतरलात तर पहिले दोन दिवस गावातच, हळूहळू. विमानतळावरून थेट खार्दुंग-ला या उंच खिंडीकडे निघालेली मंडळी तुम्हाला भेटतील. त्यांचं अनुकरण नको. स्पीतीला जायचं तर शिमला-किन्नौरच्या बाजूने चढा. कल्पा, मग ताबो (९९६ सालचा मठ तिथेच आहे), मग काझा, अशी उंची आपोआप टप्प्याटप्प्याने वाढते. मनालीहून कुंझुम खिंड ओलांडून एका दिवसात काझा गाठणारे पहिली रात्र डोकं धरून काढतात.

लक्षणं: डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं, झोप न येणं. एवढंच असेल तर वर जाऊ नका, आराम करा, पाणी प्या. पण चालताना तोल जायला लागला, माणूस असंबद्ध बोलू लागला, किंवा बसल्या जागी धाप आणि खोकला सुरू झाला, तर रात्र असो की पाऊस, त्याला खाली न्या. पाचशे-हजार मीटर उतरण्यासारखं दुसरं औषध नाही. ‘सकाळपर्यंत बघू’ यातच माणसं जातात.

अॅसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, हे औषध बरेच जण घेतात. ते इंदुरातच डॉक्टरांना विचारून घ्या. सल्फाची अॅलर्जी किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय अजिबात नाही. वर गेल्यावर पहिल्या दिवसांत दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत. कापराची पुडी हुंगल्याने रक्तातला प्राणवायू वाढत नाही. आजीने दिली म्हणून खिशात ठेवायला हरकत नाही, पण तिच्या भरवशावर खिंड चढू नका.

आजी-आजोबांना नेता येईल?

का नाही? दोन हजार मीटरच्या आतली गावं घ्या आणि गुडघ्यांचा विचार हृदयाच्या आधी करा. डोंगरगावातली अर्धी हॉटेलं रस्त्याच्या खाली नाहीतर वर असतात, आणि खोलीपर्यंत चाळीस-पन्नास पायऱ्या. बुकिंग करताना ‘गाडी दारापर्यंत येते का’ आणि ‘पायऱ्या किती’ हे दोन प्रश्न फोनवर विचारा. फोटोत पायऱ्या कधीच दिसत नाहीत. हृदयविकार, दमा किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असेल तर रोहतांग, गुलमर्गच्या गोंडोलाचा (रोपवेचा) वरचा टप्पा आणि सिक्कीममधली नाथुला खिंड यांबद्दल आधी डॉक्टरांशी बोला. गोंडोलाचा पहिला टप्पा बहुतेकांना पुरतो, आणि वरून दिसतं तसं तिथूनही बरंच दिसतं.

गाडीत उलट्या होतात, त्यावर काही?

पुढच्या सीटवर बसा, खिडकी थोडी उघडी ठेवा, नजर लांबच्या डोंगरावर ठेवा. मोबाइल बघणाऱ्याला पहिल्या वळणाला मळमळतं. सकाळी निघताना पोट रिकामं नको आणि कचोऱ्याही नकोत. आलेपाक, आवळासुपारी बरोबर असू द्या. गोळी घेणारे ती निघण्याच्या तासभर आधी घेतात. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बाहेरच पडते.

स्वतःच्या गाडीने गेलं तर?

इंदूर ते मनाली तेराशे-चौदाशे किलोमीटर. दोन चालवणारे असतील आणि वाटेत मुक्काम कराल तर जमतं. पण मैदानात वीस वर्षं चालवलेल्या हाताला डोंगर नवा असतो. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवू नका, ते तापून निकामी होतात. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. आंधळ्या वळणावर हॉर्न, ओव्हरटेक नाही. आणि संध्याकाळी सहानंतर चालवू नका. हिवाळ्यात रस्त्यावर न दिसणारा काचेसारखा बर्फ जमतो, त्यावर आपले टायर काही कामाचे नाहीत. एवढं वाचून उत्साह उरला असेल तर जा. नाहीतर अंबाला किंवा पठाणकोटपर्यंत रेल्वे आणि पुढे तिथल्याच ड्रायव्हरची टॅक्सी, हे गणित आम्हाला जास्त पटतं. तिथला माणूस ढग बघून सांगतो की आज पुढे जायचं की नाही.

हेही माहीत असू द्या की पहलगामसारख्या ठिकाणी आरू, चंदनवाडी, बेताब व्हॅलीला तिथल्या युनियनचीच गाडी घ्यावी लागते. यावर वाद घालून दिवस वाया घालवू नका.

मराठी टूर कंपनीबरोबर जावं की स्वतः आखावं?

पुण्या-मुंबईच्या कंपन्यांबरोबर जेवण आपलं मिळतं, गप्पांना माणसं मिळतात, आणि घरातल्या बाईला आठ दिवस कुठलाही हिशेब ठेवावा लागत नाही. तिच्या दृष्टीने बघाल तर ही फार मोठी गोष्ट आहे. पण त्यांचा आराखडा मुंबईहून सुरू होतो. इंदूरच्या माणसाला चंदीगड किंवा श्रीनगरला जाऊन गटात मिसळावं लागतं. तिथवरचं तिकीट, आधीची रात्र आणि परतीची रात्र हा खर्च वेगळा धरा, मग दर तुलनेला घ्या. शिवाय ‘बारा ठिकाणं’ असं लिहिलेलं असेल तर त्यातली किती गाडीच्या काचेतून, हे विचारा.

काश्मीरला आत्ता जावं का?

२२ एप्रिल २०२५ला पहलगामच्या बैसरणमध्ये २६ जणांना मारलं, त्यांत एक इंदूरचे होते. त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे नुसता बातमीतला राहिलेला नाही. घरातलं एक माणूस जरी मनातून घाबरलेलं असेल तर त्याला ओढत नेऊ नका. हिमालय दोन-अडीच हजार किलोमीटर लांब आहे. ज्यांना जायचंय त्यांनी कोणती ठिकाणं उघडी आहेत ते निघण्याच्या आठवड्यात पुन्हा बघावं. हल्ल्यानंतर बरीच ठिकाणं बंद झाली आणि टप्प्याटप्प्याने उघडली. बंद म्हटलेल्या जागी घोडेवाल्याच्या आग्रहाने जाऊ नये.

प्रवास मात्र सोपा झाला आहे. ६ जून २०२५ला कटरा-श्रीनगर वंदे भारतचं उद्घाटन झालं. माळवा एक्स्प्रेसने कटऱ्याला पोचून रात्री मुक्काम केला, तर पुढे तीनेक तासांत श्रीनगर, आणि वाटेत नदीपासून ३५९ मीटर उंचीवरचा चिनाबचा पूल. इंदूरहून श्रीनगरपर्यंत रुळांवरून जाता येतं हे आपल्या वडीलधाऱ्यांना अजून खरं वाटत नाही. श्रीनगर साधारण सोळाशे मीटरवर असल्याने उंचीचा त्रास नाही. मार्चअखेर ते एप्रिल ट्यूलिप, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चिनार लाल होतात. दल सरोवरावरच्या हाउसबोटीत एक रात्र ठीक आहे, बाकीच्या जमिनीवर काढा.

चारधाम करता करता एखादं थंड हवेचं ठिकाणही होईल?

यात्रा यात्रेसारखी करा. नोंदणी लागते, रस्त्यावर तासन् तास जातात, आणि दर्शन झाल्यावर अंगात फिरायचं त्राण उरत नाही. अहिल्याबाईंनी केदार-बद्रीच्या यात्रेकरूंसाठी तिकडे धर्मशाळा बांधल्या, त्या काळी माणसं महिनोन् महिने वाटेवर असत म्हणून. चार दिवसांत उरकायची कल्पना तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हती. बद्रीनाथ झाल्यावर औलीला एक दिवस थांबता येतं, तेवढं पुरे.

सिक्कीम-दार्जिलिंग?

फार सुंदर, पण दहा दिवस हवेत. दार्जिलिंगची छोटी गाडी १८८१ची आहे. न्यू जलपायगुडीहून अख्खा प्रवास न करता दार्जिलिंग-घूम-दार्जिलिंग फेरी करा. युमथांगची दरी साडेतीन हजार मीटरवर आहे आणि एप्रिल-मेमध्ये ऱ्होडोडेंड्रॉन फुलतात. उत्तर सिक्कीम आणि नाथुला दोन्हींना परमिट लागतं, ते गंगटोकचा एजंट काढतो. फोटो आणि ओळखपत्राच्या प्रती भरपूर ठेवा. ऑक्टोबर २०२३मध्ये तीस्तेला आलेल्या पुराने उत्तरेकडचे पूल आणि रस्ते नेले, तेव्हापासून तिकडचा रस्ता उघडा आहे ना हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका. दोन लिटरपेक्षा लहान प्लास्टिक बाटलीतलं पाणी सिक्कीममध्ये २०२२पासून बंद आहे, तेव्हा घरून स्टीलच्या बाटल्या न्या.

शाकाहारी जेवण मिळतं का?

सगळीकडे. राजमा-भात आणि मॅगी यांवर अख्खा हिमालय चालतो. पण तेवढ्यावर थांबू नका. हिमाचलात सिड्डू, म्हणजे सारण भरून वाफवलेली भाकरी, तुपाबरोबर खा, लग्नकार्यातलं धाम नावाचं जेवण कुठे मिळालं तर सोडू नका. कुमाऊँत आलू के गुटके, भटाची (काळ्या सोयाबीनची) चुडकाणी, अल्मोड्याची बाल मिठाई. काश्मिरात नदरू, म्हणजे कमळाचे देठ, आणि हाक ही पालेभाजी. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून डाळ कुकरशिवाय शिजत नाही आणि चहा आपल्यासारखा कडक होत नाही. ढाबेवाल्याला दोष देऊ नका. शेव मात्र न्या. लवंगी शेव बर्फात उघडली की शेजारच्या टेबलावरचे लोक ओळख काढतात.

कपडे काय न्यावेत?

एक जाड कोट नेण्यापेक्षा तीन पातळ थर. आतून थर्मल, मध्ये लोकर, वर वारा अडवणारं जॅकेट. मे महिन्यात शिमला-मनालीला दुपारी अर्ध्या बाह्यांत फिराल आणि रात्री रजई घ्याल. कानटोपी, दोन जोडी मोजे जास्त, आणि तळव्याला पकड असलेले, पायाला सरावलेले जुने बूट. नवे कोरे बूट नकोत. ऊन कमी वाटतं पण भाजतं, कारण उंचीबरोबर अतिनील किरणं वाढतात. सनस्क्रीन आणि गॉगल पुरुषांनीही वापरावा.

कचऱ्याचं काय? तिथे तर सगळे टाकतात.

देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून आपण जगभर मिरवतो. ओला-सुका वेगळा करायची सवय सुट्टीवर जाताना घरी ठेवू नका. चिप्सची पाकिटं आणि डायपर पिशवीत भरून खालच्या मोठ्या गावापर्यंत आणा. वरच्या गावांत कचरा उचलणारी गाडी येत नाही, तो दरीत ढकलला जातो.

फोन आणि पैसे?

जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिम चालत नाहीत, घरातलं एक तरी पोस्टपेड करून घ्या. स्पीती, किन्नौरच्या वरच्या भागात रेंज येते-जाते. यूपीआय आता चहाच्या टपरीवरही आहे, पण रेंज नसली की तेही नाही. चार-पाच दिवसांची रोकड जवळ असू द्या, आणि ती सगळी एकाच्याच खिशात नको. ड्रायव्हरचा, हॉटेलचा आणि टॅक्सी मालकाचा नंबर कागदावर लिहून आजोबांच्या पाकिटातही ठेवा.